ओल्या फडक्याचा इतिहास

आमच्या घराण्याच्या दप्तरात माझ्या वडिलांवर एक ठपका चाळीस वर्षे कायम आहे. 1984च्या मे महिन्यात आजी पुण्याला अत्यवस्थ होती. निरोप आला तशी आम्ही दादरहून सकाळी सातला निघालो आणि बोरघाटात, शिंग्रोबाचे देऊळ मागे टाकून जेमतेम दोन वळणे चढलो असू, तोच बाबांची फियाट बंद पडली. दोन तास हलली नाही. आम्ही सदाशिव पेठेत पोचलो तेव्हा आजी जाऊन तास झाला होता. आत्या दारातच उभी होती. ती बाबांना एवढेच म्हणाली, "अण्णा, निगा राखता येत नव्हती तर गाडी घेतलीस कशाला?"

बाबांनी उत्तर दिले नाही. तेव्हाही नाही आणि नंतरची बावीस वर्षेही नाही. घरात पुढे या वाक्याची म्हणच झाली. कोणाचे काही वेळेवर झाले नाही की कोणीतरी हळूच म्हणायचे, "अण्णाची फियाट!"

मी इतिहासाचा मास्तर. आयुष्य मोडीची कागदपत्रे वाचण्यात गेले. इंजिनाशी माझा संबंध किल्ली फिरवण्यापुरता. 1967 सालची ती फियाट 1100 डिलाइट बाबांनी 1979मध्ये सेकंडहँड घेतली आणि 1999पासून ती इमारतीच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली उभी होती. निवृत्तीनंतर ती दुरुस्त करायला काढली, तेव्हा माझ्या मनात फक्त हौस होती. पत्राकाम, रंग, सीटा यांत दीड वर्ष गेले. त्याची कथा सांगण्यासारखी नाही, ती फक्त बिलांची आहे. इंजिन एका गॅरेजात पूर्ण खोलून घेतले. रिंगा, बेअरिंगे, व्हॉल्व्ह, सगळे झाले. गाडी सुरू झाली आणि सावलीत उभी असताना शिवणयंत्रासारखी चालली. रस्त्यावर मात्र वीस-बावीस मिनिटे झाली की दोन-तीन आचके देऊन बंद. अर्धा-पाऊण तास थांबले की पुन्हा सुरू, जणू काही झालेच नव्हते.

तिसऱ्यांदा असे झाले तेव्हा मी चेंबूरच्या रस्त्याकडेला उभा होतो आणि मला एकदम घाटातले ते दोन तास आठवले. ते आचके मी ओळखत होतो.

गॅरेजवाल्यांचा सल्ला साधा होता. "इलेक्ट्रिक पंप लावून टाका, विषय संपला." विषय खरोखरच संपला असता. पण जुन्या दस्तऐवजाचे फाटलेले पान बदलून नवे कोरे पान लावले तर वाचायचे काय? मी पंप लावू दिला नाही. बिघाड दुरुस्त करायचा होताच, पण त्याआधी तो मला वाचायचा होता.

ज्या यंत्रातला बिघाड वाचायचा ते आले कुठून, हे आधी पाहिले. वालचंद हिराचंद यांनी 1944मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. त्याआधीची काही वर्षे सर विश्वेश्वरय्यांच्या जोडीने त्यांनी मोटार कारखान्याचा पिच्छा पुरवला होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या, त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने. मोठी, पेट्रोल पिणारी अमेरिकन गाडी गरीब देशाला परवडणारी नव्हती. म्हणून कंपनी इटलीतल्या फियाटकडे वळली. फियाटने 1953च्या जिनिव्हा प्रदर्शनात 1100चे नवे रूप दाखवले आणि पुढच्याच वर्षी ती कुर्ल्यात जुळवली जाऊ लागली. वालचंद मात्र 1953च्या एप्रिलमध्येच गेले होते.

त्या गाडीचे बाहेरचे रूप नवे असले तरी इंजिन नवे नव्हते. 68 मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर, 75 मिलिमीटरचा स्ट्रोक, एकूण 1089 घनसेंटिमीटर. हीच मापे 1937च्या फियाट 508 सी या गाडीच्या इंजिनाची. दान्ते ज्याकोसा या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते घडले होते. इटलीने मधल्या काळात 1221 घनसेंटिमीटरचे मोठे इंजिनही वापरून पाहिले. आपण 1089वरच राहिलो. 1964मध्ये डिलाइट आली, 1970च्या दशकात नाव बदलून पद्मिनी आली, आणि 2000 सालच्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत बॉनेटखाली मुख्यतः तेच इंजिन होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आखलेले यंत्र संगणकाच्या युगापर्यंत आपण चालवले.

याला हट्ट म्हणावे की नाइलाज? मला वाटते, दोन्ही. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने धोरण ठरवले, की ज्यांना सुटे भाग इथेच बनवायचे आहेत त्यांनीच मोटारधंद्यात राहावे. शिवडीला 1928पासून गाड्या जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने 1954मध्ये गाशा गुंडाळला. 1957मध्ये परकीय चलनाची चणचण झाली आणि आयातीचा दरवाजा आणखी घट्ट लागला. एकेक भाग देशी होत गेला. इंजिन बदलायचे तर सगळी साखळी पुन्हा उभारावी लागली असती. ते न बदलल्याचा एक फायदा झाला, त्याची दखल मात्र कोणी फारशी घेतली नाही: चार दशकांत या एका इंजिनाची नाडी ओळखणारी मिस्त्र्यांची एक अख्खी जमात मुंबईत तयार झाली. कारण मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी.

त्या जमातीतले एक उस्ताद मला कुर्ल्यात भेटले. वय सत्तरीच्या पुढे. पन्नास वर्षे त्यांनी टॅक्सीचीच कामे केली. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे 2023च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून उस्तादांकडे रिक्षांचे काम येते, ते त्यांना आवडत नाही.

मी बॉनेट उघडायला गेलो तर त्यांनी हात धरला.

"साहेब, आधी बॉनेट नाय उघडायचा. आधी सांगा, किती वेळानं बंद पडते?"

मग त्यांनी जे सांगितले ते मी चहाच्या दुकानात बसून जसेच्या तसे उतरवून घेतले. गाडी एकदम, दिवा विझावा तशी बंद पडली तर करंटचा दोष. वायर, कॉइल किंवा पॉइंट बघायचे. आचके देत, घुटमळत बंद पडली तर पेट्रोलचा. पावसात बंद पडली तर डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून पुसायची. वेग वाढवला की दम तोडते आणि हळू चालवली की चालते, तर टाकीतला कचरा कुठेतरी अडकला आहे. ठरावीक वेळाने बंद पडते आणि ठरावीक वेळाने आपोआप सुरू होते, तर दोष गरमीचा. पण गरमीचेही दोन प्रकार. कॉइल तापली की करंट मरतो, आणि पेट्रोल तापले की त्याची वाफ होते. "दोन्ही सारखेच दिसतात. फरक बंद पडल्या पडल्या पाच मिनिटांत बघायचा. नंतर गाडी थंड झाली की ती खोटं बोलते."

साक्षीदार घटनेपासून जितका लांब जातो तितकी त्याची साक्ष पातळ होते, हे मी वर्गात तीस वर्षे शिकवले होते.

आम्ही गाडी मुद्दाम तापवली. एकविसाव्या मिनिटाला ती बंद पडली. उस्तादांनी प्लगची वायर काढून टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरले आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. निळी, टणक ठिणगी. करंट निर्दोष सुटला. टाकीचे झाकण सैल केले, कारण झाकणाचे बारीक भोक बुजले तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. तेही वीस मिनिटांतच दगा देते. काही फरक नाही. मग कार्ब्युरेटरचे झाकण उघडले. फ्लोट चेंबर, जिथे पेट्रोल भरलेले असायला हवे, तो जवळजवळ कोरडा. पंपाकडून येणारी नळी सोडवून बाटलीत धरली आणि इंजिन फिरवले, तर पेट्रोलऐवजी फसफसून बुडबुडे आले.

उस्तादांनी खांद्यावरचे फडके बादलीत बुडवले, पिळले आणि पंपावर गुंडाळले. चार मिनिटांत बाटलीत धार लागली.

हे फडके पाहिले आणि मला बाबांची वही आठवली. लाल कापडी बांधणीची ती वही मी आधीच चाळली होती. गाडीचा जमाखर्च बाबांनी बँकेतल्या लेजरसारखा ठेवला होता: तारीख, किलोमीटर, पेट्रोल, दुरुस्ती, रक्कम. 1984पासून शेरा या रकान्यात अधूनमधून नुसते "फ." लिहिलेले होते. मी ते "फेरी" असे वाचले होते. उस्तादांना दाखवले तर ते हसले. "फेरी कसली साहेब? फडकं! उन्हाळ्यात आमचे टॅक्सीवाले डिकीत पाण्याची बाटली आणि फडकं ठेवायचेच."

संक्षेपाचा अर्थ चुकीचा लावल्याने मोठमोठ्या संशोधकांचे निष्कर्ष कोसळलेले आहेत, तेव्हा मला फारशी लाज वाटली नाही. पण वही नव्याने वाचावी लागली.

नव्या वाचनात चित्र बदलले. 1979 ते 1983 या काळात बाबांनी पुण्याच्या अकरा खेपा केल्या, त्यांतल्या चार एप्रिल-मे महिन्यांतल्या. एकाही नोंदीसमोर "फ." नाही. पहिले "फ." 1984च्या मार्चअखेरीस येते, तेही मुंबईतच, शीवजवळ. एप्रिलमध्ये दोन. मग ती मेमधली नोंद: "घाट. फ. 2 तास. आई." त्या ओळीत किलोमीटरचा आकडा नाही. आख्ख्या वहीत तो रकाना कोरा असलेली ती एकच जागा.

म्हणजे 1984च्या मार्चपूर्वी या गाडीला घाटाचा त्रास नव्हता. मार्चमध्ये काय घडले? 2 मार्चची नोंद अशी: "पे. पंप किट. ठोकळा तुटला, नवा मिळत नाही, करून बसवला. 18 रु."

मी उस्तादांना विचारले, "पंपाला ठोकळा कुठे असतो?"

या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच बोल्टने बसवलेला असतो. इंजिनातला कॅमशाफ्ट फिरतो, पंपाचा दांडा हलतो, आतला रबरी पडदा वरखाली होतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढले जाते. सोपी आणि स्वस्त योजना. गोम अशी, की इंजिन तापते आणि पेट्रोल तापून चालत नाही. म्हणून मूळ आखणीत इंजिन आणि पंप यांच्यामध्ये एक जाड ठोकळा असतो, बेकलाइटसारख्या पदार्थाचा, उष्णता अडवणारा. तवा तापला तरी मूठ गार राहावी तसे. हा ठोकळा ठिसूळ असतो. बोल्ट जास्त आवळला की तडकतो.

उस्तादांनी पंप उतरवला. इंजिन नव्याने बांधताना गॅरेजने जे काढले तेच इमानाने परत बसवले होते, त्यामुळे पुरावा जागेवर होता. त्यांनी तो पुसून माझ्या तळहातावर ठेवला. ठोकळा ॲल्युमिनियमचा होता. हाताने कापलेला, कानशीने घासलेला. कडांवर कानशीचे तिरके चरे अजून दिसत होते. माप अचूक, भोके अचूक, काम नेटके. फक्त पदार्थ चुकलेला. ॲल्युमिनियम बेकलाइटपेक्षा शेकडो पटींनी जास्त उष्णता वाहून नेते. अडसर असायला हवा होता तिथे कोणीतरी पूल बांधला होता.

ज्याने तो बनवला त्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. भाग मिळत नाही, गिऱ्हाइकाला गाडी हवी आहे, समोर ॲल्युमिनियमचा तुकडा पडला आहे. असल्या जुगाडांवर तेव्हा अर्धा देश चालत होता. गाड्यांसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, एके काळी किमती सरकार ठरवी आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 1983च्या 14 डिसेंबरला पहिल्या मारुतीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात पडली. बाबांचा ठोकळा तुटला तो त्यानंतर सुमारे अडीच महिन्यांनी. काकांनी तोवर मारुतीसाठी पैसे भरलेही होते, आणि आजीच्या तेराव्याला ते त्यांनी दोनदा सांगितले.

इथे लेख संपवता आला असता, पण तसे करणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. आजची गाडी त्या ठोकळ्यामुळे बंद पडते म्हणून 1984मध्येही त्याचमुळे पडली, असा निष्कर्ष सरळ निघत नाही. कारण मधल्या काळात पेट्रोलच बदलले. बाबांच्या पेट्रोलमध्ये शिसे होते. फेब्रुवारी 2000पासून ते देशभर बंद झाले. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, आणि 20 टक्के मिश्रणाचे पेट्रोल 2023पासून येऊ लागले. इथेनॉल पेट्रोलमधल्या हलक्या घटकांशी मिसळले की ते मिश्रण अधिक लवकर उकळते. शिवाय जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही. पडदे फुगतात, चिवटपणा जातो. म्हणजे आजचा बिघाड एकट्या ठोकळ्याचा की पेट्रोलचाही?

(इतिहासाची एक थट्टा इथे नोंदवतो. हे इथेनॉल आपल्याकडे बरीच वर्षे मुख्यतः उसापासून येत असे. वालचंदांनी वालचंदनगर आणि रावळगाव इथे साखर कारखाने उभारले. आज त्यांच्या मोटारीच्या रबराला उसाचीही दारू बाधते. उसाचे मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी कायदा तर 1948मध्येच झाला होता. आपण नवे म्हणून जे करतो ते बहुधा कोणत्या तरी जुन्या फायलीत असतेच.)

यावर उपाय एकच: बाकी सगळे तसेच ठेवून एक गोष्ट बदलायची. लोहार चाळीतून हायलमची जाड शीट आणली. विजेच्या पॅनेलसाठी वापरतात तीच. उस्तादांनी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावरून आखून, त्याच मापाचा, त्याच जाडीचा नवा ठोकळा कापला. पंप तोच, पडदा तोच, पेट्रोल त्याच पंपावरून भरलेले. त्याच रस्त्यावर, दुपारी दोन वाजता गाडी काढली. वीस मिनिटे झाली, चाळीस झाली, तास झाला. उस्ताद शेजारी डोळे मिटून बसले होते. सव्वा तासाने म्हणाले, "आता उगाच पेट्रोल जाळू नका."

दुसऱ्या दिवशी खात्रीसाठी ॲल्युमिनियमचा ठोकळा परत लावला. तेविसाव्या मिनिटाला आचके.

एवढ्यावरून मी म्हणतो, की 1984च्या त्या सकाळीही दोष ठोकळ्याचाच असण्याची शक्यता फार मोठी आहे. वहीची साक्ष, वस्तूची साक्ष आणि प्रयोगाची साक्ष एकाच दिशेला बोट दाखवतात. मे महिना, घाट, गाडीत सहा माणसे, टपावर वळकट्या, हेही धरले पाहिजे. पण तसलीच माणसे आणि तसल्याच वळकट्या घेऊन ती गाडी आधीच्या उन्हाळ्यांत चढली होती.

बाबांना हे कळले होते का? 1986च्या जूनमध्ये वहीत एक ओळ आहे: "ठोकळा? मूळ भाग चौकशी. नाही." पुन्हा 1988मध्ये: "ठोकळा चौकशी. नाही." म्हणजे संशय त्यांना होता. बेकलाइटचाच तुकडा पाहिजे आणि तो कुठल्याही विजेच्या दुकानात मिळेल, हे सांगणारा उस्ताद त्यांना भेटला नाही, किंवा मूळ भागच हवा या बँकवाल्याच्या शिस्तीत ते अडकले. आत्याला मात्र त्यांनी यातले काही सांगितले नाही. 1984नंतर उन्हाळ्यात त्यांनी गाडी घाटात कधी नेली नाही, एशियाडने जात.

यंदा एप्रिलच्या अखेरीस मी फियाट घेऊन पुण्याला निघालो. उस्तादांनी आग्रहाने बाटली आणि फडके दिले होते. खोपोलीनंतर चढ लागला. शिंग्रोबाला बायकोने नाणे टाकले. 1984मध्ये आईने दहा पैसे टाकले होते, ते मला आठवते. आम्ही त्या वेळी थांबलो होतो तिथून जवळच डोंगरातून रेल्वे जाते. त्या घाटातल्या बोगद्यांचे काम 1920च्या दशकात वालचंदांच्याच कंपनीने केले होते. त्या दोन तासांत मी खाली बसून गाड्या मोजल्या होत्या, बहुतेक पाच झाल्या होत्या. या वेळी वळण केव्हा मागे पडले ते कळलेही नाही. उष्णता दाखवणारा काटा जरा चढला आणि खंडाळ्याला उतरला.

आत्या आता सत्त्याऐंशीची आहे. ऐकू कमी येते, दिसते चांगले. मी वही तिच्यासमोर ठेवली, मार्चची नोंद दाखवली, मेची दाखवली, ठोकळा तिच्या हातात दिला आणि सगळे मोठ्या आवाजात सांगितले. पंप, बेकलाइट, वाफ. तिला त्यातले किती समजले, मला माहीत नाही. तिने ठोकळा उलटसुलट करून पाहिला, कडेवरच्या चऱ्यांवरून अंगठा फिरवला.

"हे अण्णाला ठाऊक होतं?"

"संशय होता. शोधत होते."

ती बराच वेळ मेच्या नोंदीकडे पाहत राहिली. मग बोट ठेवून विचारले, "इथे 'आई' लिहिलंय ना?"

"हो."

तिने वही मिटली, पण परत दिली नाही. "आज राहू दे माझ्याकडे," म्हणाली, आणि सुनेला हाक मारून माझे पान वाढायला सांगितले.